फोन न ठेवणाऱ्या वैजयंतीताई

वैजयंतीताई फोन कधी आधी ठेवायच्या नाहीत. बोलणं संपलं, "ठेवते हं" म्हणून झालं, तरी पलीकडे त्या असायच्याच. एकदा वैतागून मी म्हणाले, "ताई, ठेवा की आता!" तर म्हणाल्या, "तू ठेव गं. 'ठेवते' म्हटल्यावरच माणसाला खरं काय ते आठवतं. नेमकी तेव्हा मी नसले तर?" त्यांच्या या सवयीची आम्ही पोरींनी यथेच्छ टिंगल केली. ती सवय त्यांनी किती मोल देऊन कमावली होती, हे पाहिलेलं असूनही केली.

आमची ओळख नाशिकला, क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणात झाली. मी चोविशीची, त्या पन्नाशीला टेकलेल्या. कॉलेजात वर्षानुवर्षं भाषाविज्ञान शिकवलेलं, बागलाणातली गावं पालथी घालून तिथली अहिराणी रेकॉर्ड केलेली. ती पक्की नोकरी सोडून, मानसशास्त्राचं एम.ए. नव्याने करून त्या आमच्या बाकावर येऊन बसल्या. आमचे सर त्यांच्याहून चांगले दहा वर्षांनी लहान. सर आले की या उभ्या राहायच्या, आणि या उभ्या म्हणून सरांना बसवेना. शेवटी आम्ही "दोघंही बसा हो!" म्हणून ओरडायचो, मग तास सुरू व्हायचा.

नोकरी का सोडली, हे त्यांनी मला गंगापूर रोडला मिसळ खाताना सांगितलं. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता, बोलणं अडखळायला लागलं होतं. "बाबा कुठला शब्द चुकवतात, कुठला गाळतात, मला बरोबर कळायचं गं. मी ते मनात टिपून ठेवायची. ते घाबरलेत, हे मात्र कळलं नाही. ते गेल्यावर आईने सांगितलं." एवढं बोलून त्यांनी रश्श्यात पाव बुडवला आणि तो खायचाच विसरल्या.

पण ओढ असली म्हणून सगळं जमतंच असं थोडंच आहे? पहिल्या वर्षी ताईंचं गाडं पार रुतलं. एक गृहस्थ झोप लागत नाही म्हणून आले, तर या त्यांना मध्येच विचारतात, "हा शब्द तुमच्या गावात सगळेच वापरतात का हो?" गृहस्थ शेजारी बसलेल्या माझ्याकडे बघायला लागले. सरांनी ताईंच्या दोन केस नापास म्हणून परत केल्या. तिसरीही परत आली असती तर वर्ष वाया जाणार होतं. "तुमचं ठीक आहे गं," त्या आम्हाला म्हणायच्या, "माझ्याकडे वर्षं काय झाडाला लागलीत?"

तिसरी केस म्हणजे सटाण्याकडच्या एक मावशी. तरणाताठा मुलगा अपघातात गेला आणि त्यांनी बोलणंच टाकलं. लेकीने त्यांना आणून आमच्या प्रशिक्षणाच्या इस्पितळात भरती केलं होतं. ताईंचा चेहरा उजळला. अहिराणी म्हणजे त्यांच्या हातचा मळ! मावशींसमोर बसून त्यांनी अगदी तिथल्या हेलात विचारलं, "माय, जेवण व्हयनं का?" मावशींनी ताईंचा चष्मा पाहिला, इस्त्रीची साडी पाहिली आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड फिरवलं. लेक अवघडून म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. तिला वाटतंय तुम्ही आमची नक्कल करताय."

ताई बाहेर आल्या आणि घडलेलं सगळं त्यांनी सरांना सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "ताई, तुम्हाला त्यांचं बोलणं हवं होतं. त्यांना काय हवंय?"

दुसऱ्या दिवसापासून ताई नुसत्या जाऊन बसायला लागल्या. दुपारी वॉर्डातल्या बायका स्वयंपाकघरासाठी लसूण सोलायच्या, त्यात मावशीही असत. ताई शेजारी बसून मुकाट्याने लसूण सोलायच्या, आणि जोडीला म्हणून मीही. अखंड बडबड करणारी ही बाई किती दिवस टिकणार, यावर आम्ही पैजा लावल्या होत्या. हातांना लसणाचा वास घेऊन परतताना ताई एकदा म्हणाल्या, "मला पगार शब्दांचा मिळायचा. टेपवर कोणी गप्प झालं की मी टेप पुढे पळवायची. काय काय पळवलं असेल गं मी!"

आणि एका दुपारी, हातातली पाकळी खाली न ठेवता, मावशी म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या गया, माय."

माझ्या ओठांवर शिकवलेला प्रश्न तयार होता. ताईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. स्वतः त्या फक्त थोड्या सरकून मावशींजवळ बसल्या. चहा येईपर्यंत मावशी मुलाबद्दल सांगत राहिल्या. नंतर जिन्यात ताई हमसून हमसून रडल्या. "बाबांजवळ असं बसायला हवं होतं गं," एवढंच म्हणाल्या. ती केस सरांनी परत केली नाही.

पुढे ताईंनी पंचवटीत एक खोली घेऊन काम सुरू केलं. माझी एखादी केस अडली की मी त्यांनाच फोन करायचे. "घाई नको गं, माणूस कुठे पळून चाललाय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग मी "ठेवते" म्हणायचे, त्या थांबायच्या, आणि खरोखरच मला काहीतरी आठवायचं.

मग ताई आजारी पडल्या. गेल्या वर्षी आजार बळावला, तेव्हा त्या येवल्याला बहिणीकडे राहायला गेल्या. शेवटच्या फोनवर आवाज अगदी बारीक झाला होता. माझ्या पेशंटची चौकशी केली, सरांना नमस्कार सांगितला, थकल्या. "ठेव तू," म्हणाल्या. मी ठेवला नाही. पलीकडे शेजारच्या घरातला पैठणीचा माग खटखटत होता. कितीतरी वेळ आम्ही दोघी तो ऐकत राहिलो. मग मी विचारलं, "ताई, भीती वाटते का?"

"वाटते गं," त्या म्हणाल्या. "बरं झालं विचारलंस."

पुन्हा माग ऐकू यायला लागला. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, फोन त्यांनी आधी ठेवला.

मी तो कानाला तसाच धरून बसले होते.