गाळप चालू हाय

तीन टाळकी जमली की किस्से साठतातच. आमचे तर एका फ्रीझमध्ये वर्षभर पुरायचे! नव्वदीच्या अखेरीस मी, जोशी सर आणि कांबळे नगर जिल्ह्यातून एका परदेशी लिनक्स प्रणालीसाठी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रामचे संच, सांभाळायचो, निव्वळ हौसेनं. प्रणालीची नवी सीडी निघण्याआधी फ्रीझ लागायचा. म्हणजे नवीन काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या.

* * *

कॉलेजात शिकवणाऱ्या जोशी सरांना नेमकी फ्रीझमध्येच नव्या व्हर्जनची तहान लागायची. एकदा "अगदी किरकोळ बदल आहे" म्हणत त्यांनी एक लायब्ररी बदलली आणि तिच्यावर अवलंबून असलेली आमची अकरा पॅकेजेस आडवी झाली. सरांचा माफीचा मेल मूळ बदलापेक्षा मोठा होता!

* * *

कांबळे देवळालीकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्यानं तिथल्या फिटर मामांना फ्रीझ समजावायला घेतलं. मामा म्हणाले, "गाळप चालू झाल्यावर आमी नवीन काय बसवीत न्हाई, गळती तेवढी बंद करतो. तुमचं येगळं काय हाय?"

तेव्हापासून सरांना आवरायला आम्ही एवढंच म्हणायचो, "सर, गाळप चालू हाय."

* * *

मग खुद्द कांबळेच घसरला. त्याच्या पहिल्यावहिल्या पॅकेजात लीप वर्षाची चूक निघाली. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती नाही आली, तर पॅकेज सीडीवरून बाहेर! गड्यानं दुरुस्तीबरोबर सात सुधारणाही घुसडल्या आणि सीडी काढणाऱ्यांनी सगळं परत पाठवलं. बिचाऱ्याचा चेहराच उतरला. सीडीवर त्याचं नाव पहिल्यांदा येणार होतं.

* * *

कांबळेकडे इंटरनेट नव्हतं, नगरला माझ्याकडे होतं. शुक्रवारी सकाळी तो नुसती दुरुस्ती फ्लॉपीवर घेऊन एसटीत बसला. सावध माणूस, निघण्याआधीच मला फोन करून स्टँडवर थांबायला सांगितलं आणि दुसरी फ्लॉपी मागच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. त्याची गाडी विळद घाटात बंद पडली. मागची गाडी इतकी भरलेली, की त्याच्या डोळ्यांदेखत न थांबता निघून गेली. दुपारी तो धापा टाकत पोचला, तेव्हा मी म्हटलं, "कधीच पाठवलं. चहा घे."

* * *

सीडी आली तेव्हा मी त्याच्या घरी होतो. त्याचे वडील आयुष्यभर त्याच कारखान्यात मजुरी केलेले. ते खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. इंग्रजी अक्षरं होती, म्हणून कांबळेनं पॅकेज सांभाळणाऱ्याचं नाव वाचून दाखवलं, "सुनील दगडू कांबळे."

ते स्क्रीनकडे वाकले. "माझं बी नाव हाय व्हय ह्यात? आता कुनी बदलू शकतं का हे?"

"न्हाई आबा. फ्रीझ झालंय."

"मग परत वाच."