ज्येष्ठानंतर कार्तिक

राजेंद्र नगरातल्या वाय-फायवाल्याने मला फसवलं. मी भाव फार पाडला म्हणून त्याने हात आखडला, असं घरचे म्हणतात. पण भाव ठरला की काम पूर्ण करायचं असतं.

परदेशीपुऱ्यात माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. एका शिलाई मशीनवर सुरू केला; आता पुढे ऑफिस, मध्ये अंगण, मागे शेड. जाड भिंतींमुळे आत मोबाइलची रेंज येत नाही, म्हणून दोन्हीकडे वाय-फायचे डबे बसवून घेतले. सौदा मी बसून करत नाही, चालत करतो. हे त्याला आधीच सांगितलं होतं.

"भिया, बिनधास्त फिरा," तो म्हणाला. "फोन इकडचा डबा सोडून तिकडचा कधी पकडेल, पता भी नहीं चलेगा."

आमच्या धंद्यात शेवटचा भाव सांगितला की गप्प राहायचं. जो आधी बोलेल तो उतरला.

देवासचं एक जुनं गिऱ्हाईक इंटरनेटच्या फोनवर होतं. शेडमधल्या बायकांना शाळा उघडेपर्यंत या गिऱ्हाइकाच्याच ऑर्डरीचं काम असे. शेवटचा भाव सांगून मी अंगण ओलांडलं. पलीकडे शांतता. माणूस पक्का आहे, म्हटलं, आणि मीही तोंड उघडलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी फोन ठेवला.

पुढे मीच फोन केला.

"मी मंजूर म्हणालो होतो," ते म्हणाले. "तुम्ही चूप. मला वाटलं, अजून ओढताय. ऑर्डर दुसरीकडे दिली, साहेब."

वाय-फायवाल्याला बोलावून मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

"फोन जुना असेल, भिया."

"मग तुझा दे. तू माझ्या फोनवरून ऑफिसात बसून मराठी महिने म्हण."

त्याचा फोन कानाला लावून मी चालू लागलो. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ ऐकू आले. शेडमध्ये पाऊल टाकलं, मग एकदम कार्तिक.

"मी तर सगळे म्हटले," तो म्हणाला.

"तेच विचारतोय. पावसाळा कुठे गेला?"

मग त्याने सेटिंग उघडली. शेडमधला डबा प्रत्येक वेळी फोनची ओळख नव्याने पटवून घेत होता. तोवर आवाज बंद. ती ओळख एका डब्याने दुसऱ्याला आधीच कळवायची सोय दोन्ही डब्यांत होती. त्याने ती सुरूच केली नव्हती. बसल्या जागी केली. पुन्हा महिने म्हणवून घेतले, सगळे ऐकू आले.

शेडमधली अर्धी मशीनं त्या हंगामात झाकलेलीच राहिली. गिऱ्हाईक अजून परतलेलं नाही. मी लोभी आहे, असं ते बाजारात सांगतात. वाय-फायवाला म्हणतो, काम तर करून दिलं ना.

नाही दिलं. डबे बसवल्यावर तो एकदाही फोन घेऊन अंगणातून चालला नव्हता. त्याने देवासला जावं, त्या माणसासमोर बसावं आणि सांगावं की त्या वेळची शांतता माझी नव्हती, त्याची स्वतःची होती.