राणीसाठी लाल साबण

स्टाफरूममध्ये वह्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आर्वीच्या आमच्या शाळेत त्यातले निम्मे तरी शिपाई मधुकरभाऊचे! आजोबा, वडील आणि तो, तिघंही सर्कशीत रिंगमास्टर. सरकारनं सर्कशीतले वाघ-सिंह काढून घेतले आणि भाऊच्या हातात चाबकाऐवजी शाळेच्या घंटेचा टोला आला.

*

भाऊ हेडमास्तरांच्या केबिनमधून नेहमी उलट्या पावलांनी बाहेर पडायचा. नवे हेडमास्तर खूश! "काय हा आदर!"

मी भाऊला विचारलं, तर म्हणतो, "आदर कायचा सर? आमच्या खानदानात पाठ दाखवाची पद्धतच नाई."

*

दहावी 'ब' म्हणजे मासळीबाजार. एकदा भाऊ नुसता दारात उभा राहिला. दोन मिनिटांत वर्ग चिडीचूप!

"काय केलं भाऊ तुमी?"

"काई नाई. सगळ्यात दांडगा कोन हाये ते हेरलं, अन् त्याच्याकडंच पाहून राह्यलो."

तेव्हापासून वर्गात शिरताना मीही आधी दांडगा शोधतो.

*

भाऊच्या अंगाला कायम लाल कार्बोलिक साबणाचा वास. तिन्ही पिढ्या त्याच साबणाच्या, कारण वास बदलला की जनावर बिथरतं, म्हणे. वहिनींनी हौसेनं आणलेला मोगऱ्याचा साबण कपाटातच पडून होता.

"काऊन नाई वापरत?"

"मंग राणी मले वळखन काय?"

राणी म्हणजे त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली सिंहीण. तिला नेऊन पंधरा वर्षं झाली होती!

वहिनींना विचारलं, तर त्या हसल्या. "सर, सवत असती तं भांडली असती. सिंहिनीसंगं कोन भांडन?"

*

राणी आता म्हातारी झालीय, तिला दिसत नाही, असा सरकारनं तिला ठेवलेल्या प्राणी-केंद्रातून निरोप आला. भाऊ निघाला. ती ओळखेल का, या उत्सुकतेनं मीही सोबत गेलो.

तिथल्या माणसानं आम्हाला जाळीपासून लांब उभं केलं. "हाक मारायची नाही," म्हणाला.

वारा आमच्याकडून तिच्याकडे वाहत होता. पडून राहिलेल्या राणीनं मान उचलली. उठली, लंगडत जाळीपाशी आली आणि जाळीला गाल घासत राहिली.

भाऊ ढसाढसा रडला. मलाही आवरलं नाही. मग तो उलट्या पावलांनी फाटकापर्यंत गेला.

*

त्या हिवाळ्यात भाऊ चार दिवस रजेवर होता. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी तो घंटेपाशी उभा दिसला. मी शेजारून गेलो, तेव्हा मोगऱ्याचा वास आला.