सांबारात मीठ जास्त पडलं त्या दिवशी

दोन हजार पाचच्या सुमारास मी चेन्नईतल्या अड्यारच्या एका निवारागृहात दर शनिवारी शिवण शिकवायला जायची. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायका तिथं राहायच्या आणि आळीपाळीनं स्वयंपाक करायच्या. माझं शिवण यथातथाच. दुसऱ्याच्या स्वयंपाकात खोड काढण्यात मात्र हातखंडा.

त्या दुपारी एका नव्या बाईची पाळी होती. तंजावरी वळणाचं मराठी, वाढताना पदर घट्ट धरलेला. पहिल्याच घासाला मी सवयीनं बोलून गेले, "सांबारात मीठ जरा जास्तच पडलंय हो!"

ती झटकन मागं सरली, भिंतीला टेकली आणि तिनं चेहऱ्यासमोर हात आडवा धरला. मग हळूच विचारलं, "अक्का, आता मला इथून घालवतील?"

"अगं, मिठापायी घालवत असते तर मला माझ्या घरच्यांनी केव्हाच घालवलं असतं," मी कसंबसं म्हटलं. ती हसली नाही.

महिन्याभरानं पुन्हा तिची पाळी आली. मला वाढून तिनं स्वतःचंही ताट घेतलं आणि समोर बसली.

"कमीजास्त लागलं तर ताक आहे, अक्का," ती म्हणाली. मी हात धुवून येईपर्यंत तिचं निम्मं जेवण झालंसुद्धा होतं.