उचलायचं नाही

डेपोत त्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण तो बस अशी चालवायचा की उभ्या माणसालाही डुलकी लागावी. बायकोचे पाय गेल्यापासून त्याच्या मनात एकच होतं, तिला एकदा आपल्या बसमधून फिरवायचं. तिची अटही एकच होती: उचलायचं नाही. दवाखान्यात परक्या माणसांनी तिला पोत्यासारखं इकडून तिकडे टाकलं होतं, हात कुठे लागतोय याचं भान कुणाला नव्हतं. तेव्हापासून ती घराबाहेर पडलीच नव्हती.

मग त्याच्या मार्गावर रॅम्पवाली नवी बस आली. सावकाशने घरी तेच ते दळण लावलं. "अगं, मी रॅम्प टाकला की तुझी खुर्ची तुझी तू आत नेशील. कुणी बोट लावणार नाही."

"बघू," असं म्हणणारी ती त्या सकाळी तासभर आधीच नटूनथटून तयार होती. शेजारीण तिला थांब्यावर सोडून गेली.

सावकाशने उतरून रॅम्प टाकला. थांब्यावरचा फुटपाथ पाइपासाठी खणून काढलेला. रॅम्प थेट रस्त्यावर टेकला, घसरगुंडीसारखा उभा. बस घेणाऱ्यांनी थांबा बघितला नव्हता आणि थांबा खणणाऱ्यांना बसशी देणंघेणं नव्हतं. तिने जीव खाऊन चाकं रेटली. खुर्ची अर्ध्यावरून मागे घसरली.

"थांबा ताई, आम्ही आहोत ना," म्हणत चार प्रवासी उतरले. भली माणसं होती बिचारी. एकाने काखेत हात घातला, एकाने मांडीखाली.

"नको," ती म्हणाली. ते ऐकलं फक्त सावकाशने. पण मागे भोंगे वाजत होते, बसमधले लोक खोळंबले होते. त्यानेही खाली वाकून एक चाक धरलं.

ती आत आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने डोळे मिटून घेतले.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. ते चौघेही "काळजी घ्या ताई" म्हणून गेले. सावकाश तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"बाहेर बघ तरी. नदी केवढी भरलीय."

तिने बघितलं नाही. पदर नीट केला, पुन्हा केला.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या थांब्यावर मला उतरवायला आता कोणाकोणाला बोलावणार?"