मायच्या नावावरची रेघ

मधल्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. "शोभाबाई, तुमचे भाऊ गेले." सौंसरच्या स्टँडवर पांढुर्ण्याच्या बसची वाट पाहत मी उभी राहिले. रडूही येत नव्हतं... त्याच्या लांबलेल्या आजारपणाने आम्ही सगळेच थकून गेलो होतो.

भाऊ पेंटर होता. रामाकोन्याच्या शाळेपासून जामसांवलीच्या प्रसादाच्या दुकानांपर्यंत कितीतरी पाट्या त्याच्या हातच्या. अक्षरं सगळेच काढतात, भाऊ दोन अक्षरांमधली जागा सांभाळायचा. 'र'च्या पोटाशी मोकळं दिसतं म्हणून पुढचं अक्षर जवळ घ्यायचा, दोन काने शेजारी आले की जरा सैल सोडायचा. मोजपट्टी नाही; रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करून पाहायचा. वरची रेघ सगळ्यात शेवटी, एका श्वासात ओढायचा.

मग फ्लेक्स आले, पाट्यांची कामं गेली आणि त्याच सुमारास त्याचा हात थरथरायला लागला.

माय गेली तेव्हा तेरवीचा फ्लेक्स मीच करून आणला. रुंदी भरावी म्हणून दुकानदाराने 'कमलाबाई' हे नाव कॉम्प्युटरवर ताणलं होतं. अक्षरं एकमेकांपासून दूर गेली आणि वरची रेघ प्रत्येक दोन अक्षरांमध्ये तुटली. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. भाऊ बराच वेळ पाहत राहिला, मग आतून काळा रंग आणि ब्रश घेऊन आला. अंगणात पाहुणे बसलेले.

"राहू दे ना भाऊ," मी चिडून म्हणाले, "कोणी पाहून नाही राहिलं."

"मी पाहून राहिलो ना. मायचं नाव तुटलं, शोभा."

तो स्टुलावर चढला. रेघ जोडली, पण थरथरत, मध्येच खाली उतरत. कोणीतरी हसलं. भाऊने ब्रश माझ्या हातात दिला. "आता नाही होत," एवढंच बोलला. त्यानंतर त्याने ब्रश धरलाच नाही, असं मी समजून होते. चारचौघांत त्याच्यावर चिडले, ते मनातून गेलं नाही. त्याबद्दल त्याच्याशी बोलायचंही राहून गेलं...

त्याची तेरवी झाल्यावर खोली आवरायला घेतली. दारामागे झाडायला म्हणून दार आतून लोटून घेतलं, तर दाराची आतली बाजू काळ्या रेघांनी भरलेली. एकीखाली एक.

"रोज सकाळी एक काढत," वहिनी म्हणाली. "तुमाले सांगू नको म्हणत."

मी खाली बसून शेवटच्या रेघेपर्यंत पाहिलं. तीही थरथरलेलीच होती. पण कुठे तुटली नव्हती.