चढावर सायकल, उतारावर पायी

आमच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसते आणि सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत. मध्ये एक पातळ भिंत आहे, तिला एक सरकती फळी. नऊ वर्षं आम्ही त्या फळीतून एकमेकींशी बोलत आलो. त्यामुळे तिचं सगळं मला ठाऊक आहे, असा माझा समज होता. तिला एक भाऊ होता आणि तो अपघातात गेला, एवढंच मला खरं तर माहीत होतं.

सिस्टर कामाला वाघ. दवाखान्यातलं आटोपलं की आठवड्यातून तीनदा टेकडीवरच्या वस्तीत जायची. तिथे खाटेला खिळलेले पाच-सहा रोगी होते. कुणाच्या पायाची जखम भरत नव्हती, कुणाला नळी बदलायला लागायची. वर जायला एक बस होती. ती गेल्या वर्षी बंद झाली. चालत गेलं तर जायला सव्वा तास, यायला एक. दोन महिने सिस्टर चालली. मग तिचे गुडघे बोलायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, सायकल घ्या. नाहीतर वरचे रोगी दुसऱ्या दवाखान्याकडे सोपवावे लागतील."

दुसरा दवाखाना म्हणजे रोग्यांनी स्वतः खाली यायचं. जे कुशीवर वळू शकत नाहीत ते खाली कसले येतात. त्या दिवशी सिस्टरने फळी लावून घेतली ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही.

चौथ्या दिवशी म्हणाली, "माझ्याबरोबर दुकानात येशील? मला सायकलीतलं काही कळत नाही."

हे खरं नव्हतं, ते मला नंतर कळलं. पण मी गेले.

पहिल्यांदा मोठ्या शोरूममध्ये गेलो. विकणारा पोपटासारखा बोलत होता. आमची गरज तीन वेगळ्या सायकली लागाव्यात अशी होती. बाजारातल्या गर्दीत रोज चालवायची, टेकडीचा चढ चढायचा, आणि वस्तीत शेवटचा भाग मातीच्या पायवाटेचा. तो म्हणाला, "मग तुम्हाला हायब्रिडच हवी." म्हणजे रस्त्यावरच्या सायकलीसारखी हलकी, पण टायर जरा रुंद, हँडल सरळ, बसणं ताठ. धड हे ना धड ते, असं मी मनात म्हटलं. पण सिस्टर नीट ऐकत होती. तिने मागच्या मोठ्या गिअरचक्राचे दाते बोटाने मोजले, पुढचं लहान आहे ना ते पाहिलं. ज्याला सायकलीतलं काही कळत नाही तो असं पाहत नाही.

मग तिने ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मी मोजलं नाही, पण पंधरा-वीस वेळा तरी. दुसऱ्या सायकलीपाशी गेली, तिथेही तेच. तिची बोटं पांढरी पडली होती आणि ओठ हलत होते, जप चालल्यासारखे.

विकणारा हसून म्हणाला, "मॅडम, नवीन मालाला काही होत नसतं."

ती सरळ दाराबाहेर गेली.

मी म्हटलं, "जुन्या बाजारामागच्या गल्लीत एक काका आहेत. माझ्या मुलीची सायकल त्यांच्याकडूनच घेतली. माणूस खरं बोलणारा आहे."

"त्या गल्लीत नको."

"का?"

"लांब पडतं."

लांब काही पडत नव्हतं. पण दोन आठवड्यांत आम्ही आणखी तीन दुकानं पालथी घातली आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रकार झाला. शेवटी मीच कंटाळून तिचा हात धरून तिला त्या गल्लीत नेलं. अज्ञानात सुख असतं म्हणतात. माझं होतं.

काकांचं दुकान म्हणजे पुढे दोन खणांची काचेची खोली आणि मागे दुरुस्तीचं अंगण. काका चष्मा कपाळावर चढवून एका चाकाचे स्पोक ताणत होते. मी सगळं सांगितलं. चढ, पायवाट, रोजची ये-जा, औषधांची पेटी. त्यांनी आधी सिस्टरला उभं करून तिची उंची पाहिली. मग एक करड्या रंगाची सायकल बाहेर काढली.

"पुढे स्प्रिंगवाली घेऊ नका. दिसायला छान, पण चढावर उगाच ओझं. ही हलकी आहे. टायर चार बोटांचं नाही, दोन बोटांचं आहे, मातीत रुतणार नाही आणि डांबरावर ओढणारही नाही. सगळ्यात हलक्या गिअरवर टेकडी चढेल. हळू चढेल, पण चढेल. मागे कॅरिअर मी लावून देतो."

"ब्रेक?" सिस्टरने विचारलं.

"डिस्कचे आहेत. तेलावर चालतात."

"म्हणजे केबल नाही?"

"नाही."

"मग तुटणार नाहीत."

काकांनी चष्मा खाली घेतला. "केबल तुटते, तसं तेलही कधीतरी गळतं ताई. माणसाने केलेली वस्तू आहे. बघत राहावं लागतं."

इतक्या दुकानांत हे कुणीच म्हटलं नव्हतं. सिस्टरने सायकल हातात घेतली. अंगणामागे एक छोटा उतार होता. ती वर गेली, बसली, खाली आली, ब्रेक दाबला, थांबली. पुन्हा वर. पुन्हा खाली. सातव्या की आठव्या वेळी ती तशीच सीटवर बसून ब्रेक दाबून उभी राहिली आणि बोटं सोडेचना.

काका जवळ गेले. "लागतायत ना नीट?"

"एकदा लागले नव्हते," ती म्हणाली. "मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

मला वाटलं तिला भोवळ आली. पण ती अगदी सरळ आवाजात बोलत होती. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचा दादा घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचा. सायकल हेच त्याचं सगळं, आणि ती दुरुस्त व्हायची ती याच गल्लीत. तेव्हा ती नर्सिंगला होती. एका सकाळी वर्गाला उशीर झाला म्हणून दादाची सायकल घेऊन गेली. येताना पुढचा ब्रेक दाबला तर तो थेट हँडलला टेकला, चाकाला काही नाही. कशीबशी पाय घासत घरी आली. दारात दादाने विचारलं, "चालली ना नीट?" ती म्हणाली, "हो." मोडलीस म्हणेल, पुन्हा देणार नाही, एवढीच भीती. दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीवरून उतरताना, पाण्याच्या टाकीखालच्या वळणावर, दादा सायकलीसकट कठड्यावर आदळला. पंचनाम्यात लिहिलं होतं, पुढचा ब्रेक निकामी.

"तो 'हो' मी अजून रोज म्हणते," ती म्हणाली. "झोपेतही म्हणते. आईला वाटतं मी कुणाला तरी ओ देते."

काका अंगणातल्या लोखंडी स्टुलावर बसले.

"तुम्ही मीटरवाल्याच्या बहीण," ते म्हणाले. "तुमच्या घराच्या दारापर्यंत मी तीनदा येऊन परत गेलोय."

सिस्टर सायकलवरून उतरून कडेला बसली.

"आदल्या संध्याकाळी तो इथेच आला होता. काचेचं दुकान नव्हतं तेव्हा, नुसती टपरी होती. म्हणाला, काका, पुढची केबल विरून गेलीय, वाटेत कळलं. माझ्याकडे केबल संपली होती. दुसऱ्या सायकलीची काढून लावता आली असती. पण मी दिवसभर वाकून वाकून थकलो होतो. म्हणालो, उद्या दुपारी ये, तोवर मागच्यावर भागव. तो म्हणाला, सकाळी वरच्या वस्तीचे मीटर आहेत. मी म्हणालो, मग उतरताना चालत उतर. म्हणाला, चालत उतरेन."

"दादाला माहीत होतं?"

"माहीत होतं. आणि..." काका अडखळले. "म्हणाला, सकाळी बहिणीने नेली होती. तिला कळलं असणार, घाबरून बोलली नाही. पडली नाही हेच नशीब. हसत होता."

मी पाहत होते. अकरा वर्षांचं ओझं उतरताना माणसाचा चेहरा हलका दिसेल, असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. ती आणखीच पांढरी पडली. तिने एवढंच विचारलं, "मग तो चालत का नाही उतरला?"

काकांनाही तेच विचारायचं होतं, आणि ज्याला विचारायचं तो नव्हता. दोघं एका सायकलीच्या दोन बाजूंना बसून राहिले. मी उगाच दुकानातल्या घंट्या पाहत हिंडले.

शेवटी सिस्टरने तीच करडी सायकल घेतली.

घरी मी तिच्याबरोबर गेले. जिन्याखालच्या बोळातून तिने सायकल ढकलत आत आणली. चाक मोकळं फिरताना मागून टिक टिक टिक असा बारीक आवाज येतो, तसा येत होता. आतल्या खोलीतून तिच्या आईचा आवाज आला, "आलास?"

आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या राहिलो.

"मी आहे आई."

"माहितीये गं, तूच आहेस." आई भिंतीचा आधार घेत दाराशी आली. डोळे अधू होते, तिने हात पुढे करून सीट चाचपली. "आवाज तोच आहे. जरा फिरव बघू."

सिस्टरने मागचं चाक उचलून फिरवलं. टिक टिक मंद होत थांबलं.

"अजून एकदा," आई म्हणाली.

किती वेळा फिरवलं कुणास ठाऊक. दिवेलागणीला मी निघाले तेव्हा दोघी बोळातच होत्या.

पुढच्या आठवड्यापासून सिस्टर वर जायला लागली. हलक्या गिअरवर, गोगलगायीच्या चालीने, पण कुठे न उतरता ती टेकडी चढते. परत येताना मात्र टाकीपाशी उतरते आणि वळणाचा सगळा उतार सायकल हातात धरून चालत येते. जग चढावर चालतं आणि उतारावर बसतं, आमच्या सिस्टरचं उलटं, असं वस्तीतले लोक थट्टेत म्हणतात. तिने त्यांना कारण सांगितलं नाही. मला सांगितलं ते असं: "पहिल्या दिवशी वळणावर आले आणि मला वाटलं, कुणीतरी मागून सायकल धरून चालत येतंय. माझं चाक थांबवून पाहिलं. तरी दोन-तीन टिक टिक ऐकू आले. मी मागे पाहिलं नाही."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. पण त्याने चालत यायचं कबूल केलं होतं ना."

मी गोळ्या मोजत बसले.

काका आता दर महिन्याला तिच्या घरी जातात. ब्रेकचं तेल पाहतात, चेन पुसतात. काम दहा मिनिटांचं, बसतात तासभर. पहिल्या खेपेला त्यांनी आईसमोर सगळं कबूल केलं. आई रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "तो आणखी काय म्हणाला?" काकांनी आठवून सांगितलं. पुढच्या महिन्यात आईने पुन्हा तेच विचारलं, आणि काकांना आणखी थोडं आठवलं. त्याने पाणी मागितलं होतं. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. आईसाठी चष्मा करायचा आहे, म्हणाला होता. दर महिन्याला त्या संध्याकाळी एखाद्या वाक्याची भर पडते.

परवा फळीतून सिस्टर मला म्हणाली, "काल काका सांगत होते, जाताना दादा शीळ घालत गेला."

"बरं मग?"

"दादाला शीळ घालता येत नव्हती. लहानपणी किती खटपट केली, नुसती हवा यायची."

मी हातातली बाटली खाली ठेवली. "मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"काही नाही."

"आणि आई?"

सिस्टरने हातमोजे चढवले. पुढचा रोगी दारात उभा होता.

"आई म्हणाली, शिकला असेल."